मोरोनीच्या शिंप्याचा डब्लेट: शिवणकामाच्या नोंदी

३ जून

काम असं आहे. एका चित्रकला वर्गात पावसाळा सरताना तैलरंगातल्या व्यक्तिचित्राचा अभ्यास सुरू होतोय. त्यासाठी जोव्हान्नी बात्तिस्ता मोरोनीच्या 'शिंपी' या चित्रातला पोशाख शिवायचा आणि तो घालून मॉडेल खिडकीच्या उजेडात उभा करायचा. मूळ चित्र १५६५ ते १५७० च्या दरम्यानचं, ९९.५ × ७७ सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर. १८६२ पासून ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मोरोनी बेर्गामोजवळच्या आल्बिनो गावचा. त्या काळी बेर्गामो व्हेनिसच्या राज्यात होतं.

चित्रात एक तरुण शिंपी टेबलाशी उभा आहे. हातात कात्री, समोर खडूच्या रेघा मारलेलं काळं कापड. अंगात सायीच्या रंगाचा, बारीक छेद पाडलेला डब्लेट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारं कमरेपर्यंतचं बंद जाकीट. खाली लाल फुगीर होज, म्हणजे मांडीपर्यंतची आखूड तुमान. गळ्याशी आणि मनगटांशी आतल्या सदऱ्याची पांढरी चुणीदार झालर. त्या शतकातल्या राजेराजवाड्यांची चित्रं पुष्कळ आहेत, पण हातात कात्री घेतलेला कारागीर इतक्या सन्मानानं रंगवलेला क्वचितच दिसतो. म्हणून निवड हीच.

मॉडेल माझा भाचा. उंची पाच फूट आठ इंच, बांधा सडपातळ. खर्चाची मर्यादा दहा हजार.

६ जून

संग्रहालयाने दिलेलं मोठं छायाचित्र ए-तीन आकारात छापून घेतलं आणि त्यावर चौकटी आखल्या. माप काढायला चेहऱ्याचा आधार घेतला. केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंतचं अंतर भाच्याचं मोजलं, चित्रातलं मोजलं, आणि त्या प्रमाणात बाकी सगळं काढलं. अशाने कॉलरची उंची, गुंड्यांमधलं अंतर, खांद्यावरच्या पट्टीची रुंदी यांचा चांगला अंदाज येतो. अंग वळलेलं असल्यामुळे आडवी मापं फसवी येतात, ती चित्रावरून घेऊ नयेत. फक्त उभी घ्यावीत.

चित्र पाठ दाखवत नाही. बगल, आतलं अस्तर, होज कमरेला कशी धरली आहे, यातलं काहीच दिसत नाही. त्याची उत्तरं शिल्लक राहिलेल्या कपड्यांत शोधावी लागतात. फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या थडग्यांतून निघालेले कपडे पालाझ्झो पिट्टीत आहेत: १५६२ मध्ये वारलेल्या डॉन गार्झियाचे आणि १५७४ मध्ये वारलेल्या कोझिमो पहिल्याचे. स्वीडनच्या उप्साला कॅथेड्रलमध्ये १५६७ साली मारल्या गेलेल्या स्वांते स्तूरे आणि त्याच्या दोन मुलांचे कपडे जपलेले आहेत. हे सगळे उमराव, आपला माणूस शिंपी. कापड वेगळं असणार, बांधणीची रीत मात्र त्याच काळातली. म्हणून आतल्या कामासाठी यांच्यावर विसंबायचं ठरवलं.

१० जून

लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ. वरच्या कापडासाठी फस्टियन हवं होतं. ताणा जवसाच्या धाग्यांच्या लिननचा, बाणा सुताचा, आणि पृष्ठभाग घासून लव उठवलेली, असं ते कापड. इटलीच्या लोंबार्दी भागात ते कित्येक शतकं विणलं जायचं आणि त्यासाठीचा कापूस सीरियाकडून यायचा. आज इथे तयार मिळत नाही. लिनन आणि सुताचं मिश्र ट्विल, कोऱ्या रंगाचं, ३८० रुपये मीटरने चार मीटर घेतलं. पांढरंशुभ्र मुद्दाम टाळलं. जुन्या चित्रावरचं वार्निश पिवळं पडतं हे धरलं तरीही तो डब्लेट सायीच्याच रंगाचा आहे, गळ्यातल्या झालरीशेजारी ठेवून पाहिलं की फरक कळतो.

होजसाठी लाल लोकरी ब्लेझरचं कापड, ६५० रुपयांनी चार मीटर. टेबलावरच्या काळ्यासाठी तेच कापड काळ्या रंगात दोन मीटर. सदऱ्यासाठी पांढरं लिनन अडीच मीटर, ७०० रुपयांनी. मांजरपाट नमुन्यासाठी, दोसुती, म्हणजे दुहेरी सुताचं जाड कापड, आतल्या थरासाठी. पहिल्याच दिवशी निम्म्याहून अधिक रक्कम संपली. ज्यांना हेच करायचं आहे त्यांनी काळं कापड शेवटी घ्यावं, तोवर घरातली काळी चादर चालते.

१४ जून

मांजरपाटाचा पहिला नमुना वाया गेला. शर्टाचा नेहमीचा साचा घेऊन त्याची कंबर आखूड केली होती आणि अंग घट्ट केलं होतं. भाचा उभा राहिला तर बरा दिसला. टेबलावर कात्री धरायला हात पुढे नेला आणि पूर्ण डब्लेट चार बोटं वर चढला. तसं झालं तर होजची नाडी तुटेल किंवा मध्ये सदऱ्याची फट दिसेल.

कारण मुंढ्यात आहे, म्हणजे बाही जोडतात त्या भोकात. आजच्या शर्टाचा मुंढा खोल असतो, बाही सैल असते, त्यामुळे हात उचलला की बाही अंगाला ओढते. त्या काळचा मुंढा लहान आणि बगलेत अगदी वर असतो. बाही वेगळीच फिरते आणि अंग जागेवर राहतं. मुंढा वर घेतला, परीघ पाच सेंटिमीटरने कमी केला, आणि बाही कोपरात वळलेली अशी दोन तुकड्यांत कापली. खांद्यावरची शिवण शिखरावरून काढून मागे पाठीकडे नेली.

दुसऱ्या नमुन्यात भाच्याने हात डोक्यावर नेला तरी कंबर हलली नाही. बगलेत काचतंय अशी त्याची तक्रार होती. काचणं आणि घट्ट बसणं यात फरक असतो. कापड बगलेच्या हाडाला लागत होतं, तिथे नुसता अर्धा सेंटिमीटर कोरला, परीघ तसाच ठेवला.

१९ जून

बुकरममध्ये चार दिवस गेले, आणि साडेचारशे रुपये.

डब्लेटचं अंग ताठ हवं, छातीवर एकही सुरकुती नको, म्हणून इस्त्रीने चिकटणारं बुकरम, म्हणजे ताठ अस्तर, लावलं. सपाट टेबलावर सुरेख दिसलं. अंगावर चढवल्यावर कापड पुठ्ठ्यासारखं मोडलं. वळण घेण्याऐवजी कोन पडले, आणि हवेतल्या दमटपणाने छातीवर फुगेही आले. कमरेशी तर आडवी घडी पडली, ती कशानेच जाईना. सगळं उसवून काढलं. चिकटलेला डिंक कापडावरून नीट निघत नाही, पुढचे दोन्ही तुकडे टाकून द्यावे लागले.

आमच्या गल्लीत कोट शिवणारे जुने मास्टर आहेत, त्यांच्याकडे तुकडे घेऊन गेले. त्यांनी बोटाने बुकरम वाकवून पाहिलं.

"ताई, हे शर्टाच्या कॉलरला ठीक आहे. अंगाला वळण इस्त्रीनं येत नाही, टाक्यानं येतं. दोसुती आणलीय ना? मग हे कशाला?"

मग त्यांनी दाखवलं. दोसुतीचा थर डाव्या हातावर वाकवून धरायचा, वळवलेल्या स्थितीतच तिरपे छोटे टाके घालत जायचं, दोरा ओढायचा नाही. टाका दोन्ही थरांना त्याच वळणात धरून ठेवतो. टेबलावर ठेवला तरी तुकडा सपाट होत नाही. युरोपातल्या जुन्या डब्लेटांच्या आतही असेच टाके आहेत. फ्लॉरेन्स-उप्सालाचे कपडे आणि आमच्या गल्लीतला ब्लेझर यांना जोडणारी ही एक जिवंत रीत आहे आणि ती पुस्तकातून शिकण्यापेक्षा मास्टरांच्या हाताकडे पाहून लवकर कळते.

२७ जून

आतला सांगाडा तयार. क्रम लिहून ठेवते, कारण हाच सगळ्या कामाचा कणा आहे.

न धुतलेली दोसुती संपूर्ण अंगाला एक थर. छातीवर आणि खांद्यांच्या पुढच्या खळग्यात दुसरा थर. त्यावर पिंजलेल्या कापसाची पातळ पत्री, मध्यभागी जाड आणि कडांकडे विरत गेलेली. कापूस पिंजाऱ्याकडून घेतला, किलोभर. वर जुन्या धोतराचं मऊ कापड, आणि हे सगळे थर तिरप्या टाक्यांनी एकत्र. दोसुती धुऊ नये. धुतली की तिच्यातली खळ जाते आणि ताठपणा संपतो.

भाच्याला नुसता हा सांगाडा घालून पाहिला, वरचं कापड नसताना. छाती आपोआप पुढे आली, खांदे मागे गेले, आणि चित्रातल्या शिंप्याचं ते शांत, सरळ उभं राहणं पहिल्यांदाच दिसलं. चित्रकाराने बाहेरचा पृष्ठभाग रंगवला, पण त्या पृष्ठभागाखाली हे थर होते म्हणून प्रकाश छातीवरून असा अखंड उतरतो. हा पोशाख आतून बाहेर बांधत यायला हवा, आणि वेळ आणि पैसा दोन्ही आतच जास्त घालायला हवेत, याची मला आज खात्री पटली.

कॉलरला दोसुतीचे तीन थर. उंची पाच सेंटिमीटर. मागे सरळ, पुढे किंचित उतरती. मास्टरांनी टाके तपासले, दोन ठिकाणी उसवून परत घालायला लावले.

२ जुलै

छेद पाडण्याची चाचणी.

या बारीक चिरांना त्या काळी मोठी हौस होती. कात्रीने ते होत नाही. छिन्नी ठेवून हातोडीने ठोकतात. बोहरी आळीतून सहा मिलिमीटरची सुताराची पटाशी घेतली, १८० रुपये, आणि धारवाल्याकडून तिला दोन्ही बाजूंनी धार लावून घेतली. सुताराच्या पटाशीला एकाच बाजूने धार असते. तशीच वापरली तर चीर तिरपी पडते आणि कापड एका बाजूला ओढलं जातं. खाली ठेवायला चिंचेचा ठोकळा, मटण-मासळीवाले वापरतात तसा. आंब्याची फळी वापरून पाहिली होती, पण लाकूड मऊ असल्यामुळे कापड त्यात दबलं आणि धागे न तुटता आत ढकलले गेले.

चिरा कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर पाडल्या तर दोन-चार वेळा चोळल्यावर धागे सुटून बाहेर येतात. उरेपात, म्हणजे पंचेचाळीस अंशांत पाडल्या तर कडेला धाग्यांची बारीक झालर येते आणि तिथेच थांबते. दोन्ही नमुने हातात घेऊन चोळले, बादलीत धुतले. उभ्या चिरांचा नमुना विरला, उरेपातला टिकला.

ट्विलला ठोकण्याआधी उलट्या बाजूने साबुदाण्याची पातळ खळ लावली. तांदळाची खळ या हवेत नको, पावसाळ्यात तिला दोन दिवसांत बुरशी धरते. खळ वाळली की इस्त्री, मग चिरा. सगळं झाल्यावर पाण्यात बुडवून खळ काढून टाकायची.

लव उठवायला तारेच्या ब्रशने घासलं. एकाच दिशेने, हलक्या हाताने. जोरात घासलेला एक तुकडा मधोमध विरला.

९ जुलै

पुढच्या दोन्ही भागांवर चिरा पूर्ण. ओळींमध्ये दीड सेंटिमीटर, चिरांमध्येही तेवढंच, एका ओळीतली चीर दुसऱ्या ओळीतल्या दोन चिरांच्या मधोमध. आखणी खडूने केली, पेन्सिल नको, तिचा डाग राहतो. शिवणीपासून दीड सेंटिमीटर आत थांबले. शिवणीवर चीर आली तर टीप तिथे सुटते.

हात दुखतो, आणि ठोकण्याचा आवाज शेजाऱ्यांना त्रास देतो, म्हणून फक्त दुपारी दोनच्या आत. पटाशीला रोज धार लावावी लागली. धार बोथट झाल्यावर चिरेचं एक टोक अर्धवट राहतं, ते कात्रीने पूर्ण केलं की वेगळं दिसतं.

१५ जुलै

बाह्यांच्या चिरा कोपराशी फाकल्या. हात वाकवला की उरेपातली चीर उभी उघडते, तिथे खालचं दोसुतीचं मळकट अस्तर दिसतं. अंगाच्या भागात हे होत नाही, कारण तिथे ताण नाही.

दोन गोष्टी केल्या. कोपराच्या वळणावर चिरांचा आकार सहावरून चार मिलिमीटर केला. त्यासाठी दुसरी पटाशी. आणि बाहीच्या वरच्या कापडाखाली दोसुतीच्या ऐवजी त्याच कोऱ्या ट्विलचा एक सुटा थर घातला, ओळींच्या मधून धावदोऱ्याने पकडला. आता चीर उघडली तरी आत तोच रंग दिसतो आणि ती सावलीसारखी वाटते. बाह्या पुन्हा कापाव्या लागल्या, म्हणजे दीड मीटर कापड जास्तीचं. सुदैवाने दुकानात त्याच ठाणातलं शिल्लक होतं. ट्विल घेताना एक मीटर अधिक घ्यावंच. ठाण संपल्यावर कोऱ्या रंगाची तीच छटा परत मिळत नाही.

२१ जुलै

गुंड्या. चित्रात पुढे कॉलरपासून कमरेपर्यंत बारीक गुंड्यांची ओळ आहे. अशा गुंड्या लाकडी मण्यावर दोरा गुंडाळून करायच्या. तुळशीबागेतून आठ मिलिमीटरचे मणी आणले. दोरा गुंडाळायला घेतला तर मण्यावरून घसरतो, एका बाजूला गोळा होतो. शेवटी पटवेकरी काकांकडे गेले. दागिने रेशमात गुंफणारे हे कारागीर आता शहरात फार थोडे उरले आहेत.

काकांनी मणी पाहिला आणि म्हणाले, "आधी भोकातून चार दिशांना चार दोरे टाका, ताठ. मग त्या चारांना धरून विणत जा, मण्याला धरून नको."

असं केलं तर दोरा जागचा हलत नाही. घरी येऊन एक गुंडी वीस मिनिटांत व्हायला लागली. दोऱ्याला मेण लावलं तर चकाकी मरते, म्हणून रेशमाला मेण नको. सुती दोऱ्याला चालतं. काकांनी शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत, रेशीम मात्र त्यांच्याकडूनच घेतलं, ४२० रुपयांचं.

काजं हाताने. आधी काजाची जागा बारीक धावदोऱ्याने बांधून घ्यायची, नंतर कापायची, लगेच काजटाका. ट्विलचा धागा जाड, त्यामुळे आधी कापून मग बांधायला गेलं तर कड उसवते.

२९ जुलै

होज. वरचा फुगीर भाग पाहून मी सरळ कापडाचा घेर मोठा धरला आणि आत फायबर भरलं. उशीत भरतात ते पॉलिस्टरचं. दिसायला दोन फुगे. फायबर सगळीकडून सारखं ढकलतं, चित्रातली होज मात्र कमरेशी बसकी आणि खाली मांडीकडे भरलेली आहे. बसलं की फायबर दबत नाही, माणूस टेकणीवरून वर उचलला जातो. भाच्याला पंधरा मिनिटांत घाम फुटला. सहाशे रुपयांचं फायबर काढून टाकलं.

मोरोनीचंच दुसरं चित्र इथे कामी आलं: १५६० चं 'गुलाबी पोशाखातला सरदार', बेर्गामोच्या पालाझ्झो मोरोनीत आहे. त्यात माणूस पायांपर्यंत पूर्ण दिसतो, म्हणून होज मांडीवर कुठे संपते आणि फुगवटा कुठे सर्वात मोठा आहे हे कळतं. शिंप्याच्या चित्रात टेबलामुळे ते पूर्ण दिसत नाही.

५ ऑगस्ट

होज उलट क्रमाने केली आणि काम सुटलं. आधी आतलं घट्ट अस्तर, जाड मांजरपाटाचं, मांडीच्या मापाचं. सगळं वजन हे अस्तर उचलतं. त्यावर कापसाच्या उभ्या नळ्या. अस्तरावर धोतराचं कापड ठेवून उभ्या शिवणी मारल्या, आणि त्या खणांत कापूस भरला, वर कमी, खाली जास्त. खण नसले तर कापूस दोन दिवसांत खाली सरकून गोळा होतो. या सगळ्यावर लाल लोकरी कापड, कमरेशी आणि मांडीशी चुण्या घालून.

चुण्या बारीक नळीसारख्या घातल्या. दोन समांतर धावदोरे, टाके एकमेकांखाली अचूक, मग ओढून घ्यायचे. मशीनने घातलेल्या चुण्या चपट्या पडतात, लोकरी कापड जाड असल्यामुळे कमरेशी ढीग होतो. हाताने घातल्या की प्रत्येक चुणी उभी राहते आणि तिच्याखालून कापड गोल सुटतं. सगळा फुगवटा कापसाने आणायचा नसतो, अर्धा या चुण्या आणतात. घेर अडीच मीटर धरला होता, दोन मीटर दहा सेंटिमीटर पुरेसा झाला.

१२ ऑगस्ट

डब्लेट आणि होज जोडणं. त्या काळी पट्टा होजला धरत नसे. डब्लेटच्या कमरेला आतून भोकांची पट्टी, होजच्या वरच्या कडेला तशीच भोकं, आणि दोन्हींतून नाड्या. होजचं वजन डब्लेट उचलतो, म्हणून डब्लेट खाली ओढलेला राहतो आणि पोटावर सुरकुती येत नाही. चित्रात दिसणारा पट्टा त्यावरून येतो.

पहिल्यांदा पितळी आयलेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायच्या धातूच्या कड्या, ठोकली. पहिल्याच बसण्यात मागची दोन उखडली, सोबत कापडाचा तुकडा घेऊन. आयलेट ठोकताना कापड कापलं जातं, आणि कापलेल्या कडेवर सगळा ताण येतो. आता चांभाराच्या आरीने धागे फक्त बाजूला सारले, एकही न तोडता, आणि भोकाभोवती दाट टाके घातले. ताण न तुटलेल्या धाग्यांवर जातो. कालपासून भाचा घालून बसतोय, जिना चढतोय, एकही भोक पसरलेलं नाही.

नाड्या सुती, जाड विणीच्या, प्रत्येकी चाळीस सेंटिमीटर. टोकांना पितळी पत्र्याची नळी वळवली. पत्रा तांबट आळीतून आणला. टोकाशिवाय नाडी भोकातून जातच नाही, विशेषतः मागच्या बाजूला, जिथे घालणाऱ्याचा हात पोचत नाही. मागच्या नाड्या आधी बांधून ठेवायच्या आणि डब्लेट-होज एकत्रच अंगात चढवायचं. एकट्याला अवघड जातं. मदतीला कुणीतरी हवंच.

१८ ऑगस्ट

सदरा. सगळे तुकडे चौकोनी, बगलेत चौकोनी ठिगळ, कापड अजिबात वाया जात नाही. गळ्याची झालर तीन सेंटिमीटर उंच. साबुदाण्याची खळ जरा दाट, ओलसर असतानाच बोटभर जाडीच्या गरम सळईवर चुण्या वळवल्या. सकाळी ताठ, दुपारी पाऊस आला की झोपते. वर्गाच्या दिवशी सकाळीच खळ करायची, आदल्या रात्री नको.

२४ ऑगस्ट

पूर्ण पोशाख, उत्तरेच्या खिडकीत. काळं कापड टेबलावर, त्यावर खडूच्या रेघा.

त्या काळी सर्वात महाग रंगांपैकी एक काळा होता. चांगल्या, न विटणाऱ्या काळ्यासाठी कापड आधी निळं रंगवत, मग मंजिष्ठाच्या जातीच्या लालात आणि मायफळाच्या अर्कात बुडवत. बेर्गामोचे सरदार मोरोनीपुढे काळ्या कपड्यांत येऊन बसायचे, आणि हा शिंपी बहुधा अशाच कुणा गिऱ्हाइकाचं कापड कापतोय. स्वतःच्या अंगावर त्याने साय आणि लाल घेतलाय. काळं कापड टेबलावर ठेवल्यावर डब्लेटचा रंग एकदम उजळला. तोवर तो मला मंद वाटत होता आणि चहाच्या पाण्यात बुडवावा का असा विचार चालला होता. बरं झालं थांबले. वर्गाला रंग ठरवताना आधी काळं ठेवून पाहायला सांगितलंय.

चिरा जवळून कळतात, तीन-चार पावलांवरून त्या कापडाचा पोत होऊन जातात. उजेड बाजूने आला तर प्रत्येक चिरेची एक कड चमकते. समोरून दिवा लावला की सगळं सपाट. म्हणून ट्यूबलाइट बंद ठेवावी.

भाचा सलग चाळीस मिनिटं उभा राहू शकला. पाठ दुखली नाही, डब्लेटनेच त्याला धरून ठेवलं असं तो म्हणाला. बगलेत घाम साचतो, त्यासाठी सदरे दोन हवेत.

३१ ऑगस्ट

वर्गाच्या पहिल्या दिवसानंतरची दुरुस्ती. कॉलरची वरची गुंडी सतत लावून-काढून काजाची कड सैल झाली, तिथे आतून ट्विलचा छोटा तुकडा लावला. डाव्या बाहीवर रंगाचा डाग पडला. टर्पेंटाइन लावलं असतं तर लव चिकटली असती, म्हणून डाग वाळू दिला आणि ब्रशने खरवडला. होजमधला कापूस उजव्या मांडीवर थोडा बसलाय, खणाच्या वरच्या शिवणीतून मूठभर भरला.

खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास गेला. यातले बुकरम, फायबर, आयलेट आणि टाकलेलं कापड मिळून दोन हजारांच्या घरात. वेळ सर्वात जास्त आतल्या टाक्यांना आणि चिरांना लागला, आणि मशीनवर बसणं जवळजवळ फक्त लांब शिवणींसाठी.

ठेवताना डब्लेट घडी घालून ठेवू नये, छातीची दोसुती मोडते. रुंद खांद्याच्या हँगरवर, आत जुना टॉवेल भरून, सुती पिशवीत. लोकरी होजसोबत कडुलिंबाचा पाला, पावसाळा संपेपर्यंत दर आठवड्याला उन्हात.

लाल कापड सव्वा मीटर उरलंय. वर्गात दुसरा मॉडेल जरा जाड बांध्याचा आहे, त्याच्या होजसाठी आणखी तेवढंच लागेल. त्याची मापं आली की आधी अस्तर कापायचं, लाल कापडाला तोवर हात लावायचा नाही.